ब्लूज २०२६ : दहावा नंबर मागणं म्हणजे फार मागणं का?

प्रिन्सेसपार्कचा_कावळा

मंडळी, एएफएलचा (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या लीगचा) मोसम तोंडावर आला, आणि विषय आपले ब्लूज, म्हणजे कार्लटन. ५ मार्चला एससीजी मैदानावर सिडनी, आणि समोर लाल-पांढऱ्या जर्सीत चार्ली कर्नो. हा मुहूर्त कुणी काढला देव जाणे.

उजळणी थोडक्यात. गेल्या मोसमात कार्लटन ९ जिंकलं, १४ हरलं, लॅडरवर (गुणतक्त्यात) अकरावं. नंतर कर्नो सिडनीला गेला, टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वाग्नी सेंट किल्डाला. आले कोण, तर सिडनीचे विल हेवर्ड आणि ऑली फ्लोरेंट, गोल्ड कोस्टचा बेन एन्सवर्थ, वेस्ट कोस्टचा कॅम्पबेल चेसर आणि रकसाठी (पंचानं वर उडवलेल्या चेंडूसाठी झुंजणारा उंच खेळाडू) फ्रीमँटलचा लियाम रीडी. ड्राफ्टात (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तिसऱ्या नंबरवर हॅरी डीन. प्रशिक्षक मायकल व्हॉसच्या कराराचं हे शेवटचं वर्ष.

'यंदा आपणच' असं कृपया कुणी लिहू नका. १९९५ च्या विजेतेपदानंतर दर फेब्रुवारीत ते लिहून झालंय. मला एवढंच विचारायचंय की यंदापासून वाइल्डकार्ड आलंय, दहावा संघसुद्धा फायनल्सच्या (बाद फेरीच्या) उंबऱ्यावर उभा राहणार. त्यासाठी किती विजय लागतील, आणि या संघातून तेवढे निघतील का? भावना बाजूला ठेवा, हिशोब द्या.

आकडेमोड

हिशोब घ्या. पहिले सहा संघ थेट आत. सातवा खेळणार दहाव्याशी, आठवा नवव्याशी. जिंकतील ते दोघे पुढे. आता मागची तीन वर्षं बघा, दहावा कोण होता ते. २०२३ मध्ये ॲडलेड, ११ विजय. २०२४ मध्ये फ्रीमँटल, १२ विजय आणि एक बरोबरी. २०२५ मध्ये सिडनी, १२ विजय. म्हणजे २३ पैकी १२ धरून चाला. ११ वर थांबलात तर पर्सेंटेजच्या दारात कटोरा घेऊन उभं राहायचं. २०२३ ला एसेंडनचेही ११ विजय होते आणि ते अकरावे आले.

ज्यांना पर्सेंटेजचा घोळ होतो त्यांच्यासाठी: हे क्रिकेटच्या नेट रनरेटसारखं वजाबाकीचं नाही, भागाकाराचं आहे. मोसमभर केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले १००. त्यामुळे ६०-४० असा विजय १२०-१०० पेक्षा जास्त कामाचा. फरक दोन्हीकडे २०, पण पहिल्यात १५०, दुसऱ्यात १२०. आणि एक मोठा पराभव किती महाग पडतो तेही बघा. समजा वीस सामन्यांनंतर १७०० केले, १७०० दिले, बरोब्बर १००. एकविसाव्यात ६०-१२० असे हरलात की १७६० भागिले १८२०, म्हणजे ९६.७. उरलेल्या दोन सामन्यांत ते भरून काढणं अवघड.

कार्लटनला हे नव्यानं सांगायला नको. २०२२ ला शेवटच्या सामन्यात कॉलिंगवुडकडून एका गुणानं हार, १२ विजय असूनही नववे. बुलडॉग्जचेही १२ च होते, ते पर्सेंटेजवर आत. २०२४ ला हेच उलटं झालं. कार्लटन आणि कॉलिंगवुड दोघांचे लॅडरवरचे ५२ गुण, पर्सेंटेजवर आपण आठवे, ते नववे. म्हणून सामना हातातून गेलाय हे तिसऱ्या क्वार्टरला कळलं तरी ४० गुणांच्या हारीचे २५ करणं हेसुद्धा कामच आहे. प्रेक्षक तेव्हा गाडी काढायला पार्किंगकडे निघालेले असतात.

कोपऱ्यातला_रकमन

आकडेमोड यांचा १२ चा आकडा मान्य. पण गेल्या मोसमाच्या ९ मध्ये तीन मिळवायचे असं सरळ गणित मांडू नका, कारण खेळाचे नियमच बदललेत आणि त्यातले दोन नेमके कार्लटनच्या मुळावर येणारे आहेत.

पहिला रकचा. सेंटर बाउन्स (पंचानं चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करणं) बंद, पंच चेंडू वर फेकणार. शिवाय रकमननं मधली रेघ ओलांडून समोरच्याला आधीच भिडायचं नाही. म्हणजे उडी मारणाऱ्याला मोकळीक आणि अंगानं रेटणाऱ्याला वेसण. मार्क पिटोनेटचा सगळा धंदा रेटण्यावर: खांदा लावायचा, जागा धरायची, मग चेंडू मिडफिल्डर क्रिप्सच्या पायाशी पाडायचा. संघातला उडी मारणारा रक होता डी कोनिंग. तो गेला आणि नियम आला. याला म्हणतात दैव देतं आणि कर्म नेतं, फक्त इथं कर्म सेंट किल्डाच्या पैशाचं.

दुसरा सीमारेषेचा. दोन्ही ५० मीटर आर्कच्या (गोलपासून ५० मीटरवरच्या कमानी रेघांच्या) मधल्या पट्ट्यात किक किंवा हँडबॉल (मुठीनं मारलेला पास) कुणाला न लागता सरळ बाहेर गेला, तर समोरच्याला फ्री किक. एसएएनएफएलमध्ये (साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये) असा नियम २०१६ पासून आहे, महिलांच्या लीगमध्ये २०२३ पासून. कार्लटनचं गेल्या चार वर्षांचं दुकान स्टॉपेजवर (खेळ थांबून पंच चेंडू पुन्हा खेळात टाकतात तिथं) चालतं: क्रिप्स, वॉल्श, ह्युएट, सेरा घोळक्यात उभे, चेंडू उकरून काढायचा. अडचणीत आलो की रेषेलगत लांब किक मारून थ्रो-इन (पंचानं रेषेवरून चेंडू आत फेकणं) घ्यायचा, परत तीच चौकडी. आता तसं केलं तर चेंडू फुकट जाणार. थ्रो-इन कमी म्हणजे आपली हुकमी जागाच कमी. विरोधी खेळाडूनं मुठीनं ढकलून बाहेर घालवला तर अजूनही थ्रो-इनच आहे, तेवढाच दिलासा.

तिसरा बदल मात्र फायद्याचा ठरू शकतो. बदली खेळाडू रद्द, बेंचवर सरळ पाच जण. खेळाडू एकूण २३ च, पण पाचवा पहिल्या मिनिटापासून वापरता येतो. रोटेशनची (खेळाडू आत-बाहेर बदलण्याची) मर्यादा ७५, म्हणजे क्वार्टरला साधारण १८-१९. क्रिप्सला प्रत्येक क्वार्टरला दोन मिनिटं जास्त बसवता आलं तर शेवटच्या क्वार्टरला पाय शिल्लक राहतील. फक्त पाचव्या जागेवर दुसरा रक घालायचा मोह टाळावा. पिटोनेट आणि रीडी दोघं एकत्र म्हणजे मैदानावर दोन जड माणसं, आणि मधल्या पट्ट्यात धावायला एक कमी.

हाफबॅक_लाइन

सगळे रकवर बोलतायत. खरी गळती पुढे आहे.

कर्नोनं २०२२ आणि २०२३ सलग दोन कोलमन (मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा किताब) घेतले, त्याच्या जोडीचा फॉरवर्ड मॅके, त्यानं २०२१ चा. दोघं असताना विरोधकांचा सगळ्यात चांगला डिफेंडर एकालाच धरू शकायचा, दुसरा मोकळा. आता तो मॅकेवर बसेल आणि सुटा डिफेंडर मागून मूठ घालायला येईल. अशा वेळी नेहमीची लांब, उंच किक मारली की काय होतं ते सांगतो: चेंडू हवेत तीन सेकंद, तेवढ्यात तिथं चार डिफेंडर, मूठ लागते, चेंडू खाली पडतो आणि खाली आपलं कुणी नसतं. तीन पासांत तो दुसऱ्या टोकाला.

उपाय उंचीत नाही, किकच्या उंचीत आहे. हेवर्ड सरळ धावत येऊन छातीवर मार्क (किकचा थेट झेल) घेणारा खेळाडू आहे, त्याला चेंडू सपाट आणि त्याच्या पुढ्यात हवा. मॅकेनं आधी आर्कबाहेर पळून डिफेंडर ओढून न्यायचा, मागे जागा उघडायची. एन्सवर्थ पडलेल्या चेंडूवर आणि टॅकलसाठी. फ्लोरेंट आणि चेसर घेतले ते याचसाठी: हाफबॅक आणि विंगवरून पळत येऊन किक मारणारे पाय. हे बसायला सात-आठ सामने लागतात. सिडनीच्या सामन्यात बसलेलं दिसलं नाही म्हणून ६ मार्चला सकाळी व्हॉसचा राजीनामा मागू नका.

हॅरी डीनबद्दल एक सावधगिरी. वडील पीटर डीन १९८७ आणि १९९५ च्या विजेत्या संघांत होते, त्यामुळे फादर-सन नियमानं (माजी खेळाडूच्या मुलावर त्याच क्लबचा हक्क) आला आणि लोक आत्ताच पुतळा उभारायला निघालेत. अठरा वर्षांचा उंच डिफेंडर आहे. अशा मुलांना पंचविशीतले, दहा-पंधरा किलो जास्त वजनाचे फॉरवर्ड खांद्यानं बाजूला सारतात. डिफेंडर वायटरिंगच्या शेजारी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फॉरवर्डवर आठ-दहा सामने मिळाले तरी पुष्कळ.

जॅगा स्मिथचंही तेच. २०२५ च्या फेब्रुवारीत गुडघ्याचं एसीएल (अस्थिबंध) गेलं, अजून पहिला सामना खेळायचाय. बरं होणं वेगळं आणि अंगात मॅच येणं वेगळं. मैदानावरची त्याची मिनिटं कमी दिसली तर दुखणं उलटलं असं समजू नका, ती मुद्दाम कमी ठेवलेली असतील.

ठाणे_टू_टुलामरीन

माझं मत १० विजय, तेरावा-चौदावा नंबर. १२ तेव्हाच, जेव्हा वॉल्श २० च्या वर सामने खेळेल.

ठाण्या-पुण्याहून बघणाऱ्यांसाठी: तिकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन. ५ एप्रिलला तिथली घड्याळं मागे जातात, मग तोच सामना तीनला. भारतातून वॉचएएफएलवर दिसतो. ऑफिसात बघणार असाल तर आवाज बंद ठेवा, गोल पंचांचे हातवारे पुरेसे असतात: दोन बोटं म्हणजे सहा गुण, एक बोट म्हणजे एक.

प्रिन्सेसपार्कचा_कावळा

आभार. मग माझा सावध आकडा ११, आणि पर्सेंटेजसाठी नवस. एक शंका राहिली. २०२३ ला आपण ४ विजय, ८ पराभव, १ बरोबरी अशा गर्तेतून सलग ९ जिंकून पाचवे आलो आणि प्रिलिमिनरी फायनलला (उपांत्य सामन्यात) ब्रिस्बेनकडून १६ गुणांनी हरलो. म्हणजे सुरुवातीवरून काहीच ठरत नाही असंच ना? मग पहिल्या महिन्यात बघायचं तरी काय?

आकडेमोड

विजय-पराभव बघू नका, चौथा क्वार्टर बघा. गेल्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात रिचमंडविरुद्ध एका टप्प्यावर ४१ गुणांची आघाडी होती आणि शेवटी १३ नं हरलो. ५४ गुणांची उलटापालट, नऊ गोल. तो आजार गेलाय का, हा प्रश्न.

कागद घेऊन बसा आणि प्रत्येक सामन्यात तीनच गोष्टी टिपा. शेवटच्या क्वार्टरला दोन्ही संघांच्या ५० मीटरच्या आत किती एन्ट्री झाल्या. त्या क्वार्टरला सेंटरमधून पहिला चेंडू कुणी बाहेर काढला. आणि क्रिप्स किती वेळ बेंचवर होता. पहिल्या दोन्हींत आपण बरोबरीत असू आणि तिसरी गेल्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर चारपैकी तीन हरलो तरी घाबरायचं कारण नाही. उलट चारपैकी तीन जिंकलो आणि दर वेळी शेवटच्या पंधरा मिनिटांत चेंडू आपल्याच गोलसमोर नाचत असेल, तर मे महिना कठीण जाणार.

कोपऱ्यातला_रकमन

चौथा रकाना वाढवा: मधल्या पट्ट्यात स्वतःच चेंडू बाहेर घालवून दिलेल्या फ्री किक. सिडनीसमोर पाचच्या वर गेल्या तर समजा, फेब्रुवारीत सराव जुन्याच नियमांचा झालाय.