मदत हवी आहे: ऑफिसच्या जुन्या ईपीएबीएक्सची (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची) सुरक्षा, देखभाल करार आणि नवीन सिस्टीम (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमची द्राक्ष निर्यातीची कंपनी आहे. ऑफिस आणि पॅकहाऊस दोन्ही सातपूर एमआयडीसीत. अ‍ॅडमिनचं काम माझ्याकडे असल्यामुळे टेलिफोनचंही मीच बघते. छाटण्या उरकत आल्या आहेत. जानेवारीत कंटेनर सुटायला लागले की फोनला हात लावायलाही सवड मिळणार नाही, म्हणून जे करायचं ते आत्ताच करायचं आहे.

सध्याचं एक्स्चेंज अ‍ॅनालॉग आहे: 8 ट्रंक (बाहेरच्या लाइनी), 32 एक्स्टेन्शन (आतले फोन). देखभालीचा वार्षिक करार इथल्याच एका एजन्सीकडे आहे. गेल्या बिलात शनिवारी-रविवारी मध्यरात्रीनंतर लागलेले आयएसडी कॉल निघाले, तेही ज्या देशांशी आमचा काडीचा व्यवहार नाही अशा ठिकाणी. एक्स्चेंजमधून कॉल रेकॉर्ड काढून घेतल्यावर कळलं, की एकही कॉल आमच्या टेबलावरून झालेला नाही. बाहेरून आमच्याच नंबरवर फोन यायचा, आतून पुन्हा डायल टोन मिळायचा आणि तिथून कॉल परदेशात जायचा. साहेबांना मोबाइलवरून ऑफिसची लाइन वापरता यावी म्हणून एजन्सीने कधीतरी 'डिसा' (बाहेरून फोन करून, पिन टाकून ऑफिसची लाइन वापरण्याची सोय) सुरू करून दिलं होतं. त्याचा पिन फॅक्टरीतून आला तोच. प्रोग्रॅमिंगचा पासवर्डही तोच, आणि तो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला आहे! शिवाय एजन्सीला घरबसल्या प्रोग्रॅमिंग करता यावं म्हणून आमच्या राउटरवर एक पोर्ट उघडा ठेवलेला. हे सगळं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता नवा पासवर्ड मागितला तर "तो आमच्याकडेच राहतो" असं उत्तर मिळतं. मशीन आमचं, बिल आमचं आणि किल्ली त्यांच्या खिशात, हे मला अजिबात पटत नाही.

तूर्तास डिसा बंद केलं आहे आणि आयएसडी लाइनवरूनच काढून टाकलं आहे. पण ते कायमचं बंद ठेवता येणार नाही. रॉटरडॅमला माल अडकला की व्हॉट्सअ‍ॅपवर भागत नाही, तिकडच्या एजंटच्या ऑफिसात फोनच करावा लागतो.

दुसरा त्रास: तांब्याची लाइन जाऊन फायबर आल्यापासून ट्रंक अडकून बसतात. समोरच्याने फोन ठेवला तरी ऑपरेटरच्या कन्सोलवर त्या ट्रंकचा लाल दिवा तसाच. उचलून ऐकलं तर नुसतं टूं-टूं वाजत असतं. मग ऑपरेटर ताई ऑनटीची (फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याची) वायर काढून पुन्हा लावतात. दुपारपर्यंत दोन-तीन ट्रंक अशाच गेल्या की बाहेरच्यांना आमचा फोन सतत एंगेज लागतो.

तिसरं म्हणजे आकाशातली वीज. मे महिन्यात वळवाच्या पावसात पॅकहाऊसकडे जाणारं एक्स्टेन्शन कार्ड जळलं. "निसर्गाचा कोप करारात बसत नाही" म्हणून कार्डाचे पैसे आम्हीच भरले. खरंच असं असतं का?

आणि आता तीच एजन्सी म्हणते, हे सगळं काढा आणि आयपी सिस्टीम घ्या. कोटेशनमध्ये "30 चॅनल, हायस्पीड" एवढंच लिहिलं आहे. काय विचारू, काय लिहून घेऊ? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, अंबडला बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पासवर्ड. तो तुमचाच आहे. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड बदलून सीलबंद पाकिटात तुमच्या तिजोरीत ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅमचा बॅकअप तुमच्या कॉम्प्युटरवर घ्या. याला नकार देणाऱ्या एजन्सीशी करार करू नका, मग ती कितीही स्वस्त असो. राउटरवरचा तो पोर्ट आजच बंद करा. लांबून प्रोग्रॅमिंग करायचंच असेल तर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतून), तेही तुम्ही चालू करून द्याल तेवढ्याच वेळापुरतं.

आयएसडी दोनच एक्स्टेन्शनना द्या, त्यांनाही अकाउंट कोड (कॉल लावताना टाकायचा गुप्त आकडा) लावून. बाकी सगळ्यांचा क्लास ऑफ सर्व्हिस (कुठवर कॉल लावता येईल ती मर्यादा) एसटीडीपर्यंत. नाइट मोडमध्ये आणि सुटीच्या दिवशी आयएसडी पूर्ण बंद. हे चोर नेमके ऑफिस रिकामं असतानाच येतात, कारण सोमवारपर्यंत कोणी बघत नाही हे त्यांना ठाऊक असतं. एक्स्टेन्शनवरून बाहेरच्या नंबरला कॉल फॉरवर्ड करण्याची सोयही काढून टाका, तोही त्यांचा आवडता रस्ता आहे. व्हॉइसमेल असेल तर त्याचे पिन बघा.

ट्रंक अडकण्यात तुमच्या एक्स्चेंजचा दोष बहुतेक नाही. पलीकडून फोन ठेवला हे एक्स्चेंजला कळतं ते मुख्यतः लाइनची पोलॅरिटी (दोन तारांतला अधिक-उणे) उलटल्यावर किंवा बिझी टोन ओळखून. आपल्याकडचा बिझी टोन 400 हर्ट्झचा, 0.75 सेकंद चालू, 0.75 सेकंद बंद. ऑनटीमध्ये दुसऱ्याच देशाचं प्रोफाइल (टोनची सेटिंग) राहिलं असेल तर टोन वेगळ्या लयीत वाजतो आणि एक्स्चेंज त्याला ओळखतच नाही. प्रोव्हायडरकडून प्रोफाइल भारताचं करून घ्या, पोलॅरिटी रिव्हर्सल मिळतं का तेही विचारा. आणखी एक: तांब्याच्या लाइनला करंट टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधून यायचा, ऑनटीला तुमचाच लागतो. वीज गेली की तुमचं एक्स्चेंज बॅटरीवर चालू आणि लाइन मात्र मेलेली, असं होतं. ऑनटी यूपीएसवर घ्या.

आकाशातल्या विजेचं म्हणाल तर बरेच करार खरंच असे असतात. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये फक्त मजुरी येते. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये कार्ड येतात, पण विजेने जळालेली आणि बॅटऱ्या बहुधा वगळलेल्या असतात. सही करण्याआधी ते कलम वाचा आणि सीझनमध्ये किती तासांत माणूस येणार, दुरुस्तीपर्यंत बदली कार्ड देणार का, हे लिहून घ्या. एमडीएफवरच्या (सगळ्या तारा जिथे जोडतात त्या फ्रेमवरच्या) क्रोन मॉड्यूलमध्ये (तारा जोडायच्या पट्ट्यांमध्ये) जीडीटी (विजेचा झटका जमिनीत सोडणारे संरक्षक) बसवलेत का ते बघा. इमारतीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडीला ते हवेतच, पण अर्थिंग नीट नसेल तर नुसते शोभेचे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि नेमका त्यानंतर वळीव येतो. एप्रिलमध्ये अर्थिंग मोजून घ्या, 5 ओहमच्या आत असू द्या, 1-2 मिळालं तर उत्तम. 48 व्होल्टसाठी 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतील तर चारही एकदमच बदला. एखादीच नवी टाकली तर जुन्या तिलाही लवकर संपवतात.

कोटेशनमधले "30 चॅनल" म्हणजे पीआरआय: 2.048 एमबीपीएसची एक लाइन, एका वेळी 30 कॉल. एसआयपी ट्रंक (इंटरनेट जोडणीवरून येणाऱ्या फोन लाइनी) देत असतील तर तो आकडा फक्त एका वेळच्या कॉलचा असतो. 8 ट्रंकवर भागणाऱ्या ऑफिसला 30 कशाला? जी.711 ला (आवाज डिजिटल करायच्या नेहमीच्या पद्धतीला) एका कॉलमागे आवाजाचे 64 केबीपीएस, वरचे हेडर धरून 87च्या आसपास. म्हणजे 10 कॉलना दोन्ही दिशांना 1 एमबीपीएससुद्धा लागत नाही. 'हायस्पीड'पेक्षा आवाजासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) आणि प्राधान्य देणार का, ते विचारा. एसआयपीचा 5060 पोर्ट सगळ्या जगाला उघडा नको, फक्त प्रोव्हायडरच्या आयपीला. टीएलएस आणि एसआरटीपी (कॉल आणि आवाज गुप्त ठेवणाऱ्या पद्धती) चालतं का हेही लिहून घ्या. राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलचे संदेश मध्येच बदलणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर एका बाजूचाच आवाज येतो. पॅकहाऊसमधले साधे फोन फेकू नका, एफएक्सएस गेटवेवर (साधे फोन आयपी सिस्टीमला जोडणाऱ्या डब्यावर) छान चालतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. ऑनटीचं प्रोफाइल आणि करारातलं कलम उद्याच हाती घेते. एवढंच सांगा: सिस्टीम या सीझनला आहे तीच सुधारून चालवावी आणि नवीन एप्रिलनंतर घ्यावी, असं माझ्या मनात आहे. पॅकहाऊसपर्यंतची केबल जमिनीखालून गेलेली जेली-फिल्ड (पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली तांब्याची) आहे. गेटवे ऑफिसमध्ये ठेवून तीच केबल वापरावी, की गेटवे पॅकहाऊसला ठेवून मध्ये वायरलेस लिंक टाकावी? विजेच्या दृष्टीने कोणतं बरं पडेल?