कुंडीच्या तळापर्यंत हवा कशी पोचवायची? जास्वंद वाचवायची आहे

नमस्कार. माझी जास्वंद पाच वर्षांची आहे, 12 इंची मातीच्या कुंडीत. दोन महिने झाले, पानं पिवळी पडताहेत, कळ्या उमलायच्या आधीच गळताहेत. दुपारी झाड मान टाकतं म्हणून मी पाणी घालत राहिले आणि ते आणखीच मलूल झालं. वरची माती दर आठवड्याला खुरप्याने मोकळी करते, त्यामुळे खाली काही बिघडलं असेल असं मनातच आलं नाही.

काल कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढलं. वरची चार बोटं माती भुसभुशीत. त्याखालचा गोळा इतका घट्ट की बोट शिरेना. तळाशी काळा चिकट चिखल, त्याला तुंबलेल्या गटाराचा वास. तिथलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल निसटून हातात आली, मागे नुसता दोरा राहिला. पांढरी, जिवंत मुळं फक्त कुंडीच्या भिंतीला लागून होती. भाजलेली माती सच्छिद्र असते, तिथूनच त्यांना हवा मिळत असावी.

शेतात पाऊस उघडला की वाफसा येतो, म्हणजे जादा पाणी उतरून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात. माझ्या कुंडीच्या तळाशी तो कधी आलाच नसेल.

मिश्रण असं होतं: निम्मी बागेतली माती, पाव शेणखत, पाव बारीक वाळू. तळाशी निचऱ्यासाठी दोन इंच खडी. भोकं मोकळी आहेत, सळई घालून पाहिली. आता सगळी माती बदलू, की त्याच मातीत सळईने खोल भोकं पाडून भागेल? झाडावर सात कळ्या आहेत, म्हणून हात धजत नाही.

प्रतिसाद 1
सळई नको. जिवंत मुळं तुटतील आणि भोकाच्या कडेची माती उलट दाबली जाईल.

प्रतिसाद 2
माती बदलाच. बारीक वाळू मातीच्या कणांमधल्या फटी बुजवते, त्याने माती मोकळी होत नाही. खडीचंही तसंच. वरची बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही, म्हणजे चिखलाचा थर दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. एक भिजलेला स्पंज आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा गळेल, कारण उंची वाढली. उंच कुंडी उथळ कुंडीपेक्षा मोकळी राहते ती यामुळेच.

मी एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं खत आणि दोन भाग जाड माल घेते: परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा विटांचे 3 ते 6 मिमीचे तुकडे. चाळून घ्या, भुगा आत जाता कामा नये. खडी काढून टाका, भोकांवर जाळीचा तुकडा पुरे. कुजलेली मुळं कात्रीने कापा, फांद्या तिसरा हिस्सा छाटा, कळ्या खुडा. नवे कोंब दिसेपर्यंत सावलीत ठेवा आणि खत देऊ नका.

भरण्याआधी मोजूनही बघा. भोकं चिकटपट्टीने बंद करून कुंडीत मिश्रण भरा, काठोकाठ पाणी घाला, रात्रभर मुरू द्या. सकाळी वरचं साचलेलं पाणी ओतून टाका, मग खाली बादली ठेवून भोकं उघडा. जितकं पाणी गळेल तितकी जागा हवेला मिळाली. मिश्रणाच्या 10 ते 20 टक्के आलं तर चांगलं.

धागाकर्ती
दोन्ही मोजली. पाच लिटर जुन्या मातीतून 200 मिली आलं, नव्या मिश्रणातून 800. म्हणजे 4 टक्के आणि 16 टक्के! पाच वर्षं ती मुळं कशी जगली असतील, वाईट वाटलं. कळ्या आज खुडल्या, झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलंय. संध्याकाळी लावणार आहे. विटांचे तुकडे कोरडेच घालू की आधी भिजवून?

प्रतिसाद 2
भिजवून. कोरडे घातले तर सुरुवातीला मुळांजवळचं पाणी तेच ओढून घेतील.