बेडूक कापणं बंद झालं ते ‘बरंच झालं’? मला नाही पटत

घोडबंदरवाला:
काल इथे एका ताईंनी लिहिलं, ‘आमच्या वेळी कॉलेजात बेडूक फाडायचे, किती क्रूर! आता पोरं टॅबवर बघतात, बरंच झालं.’ काय बरं झालं? माझी भाची अकरावी सायन्सला आहे. दोन कर्णिका, एक जवनिका हे झोपेतही सांगेल. पोट उघडल्यावर वर यकृत दिसतं की जठर, विचारलं की मोबाइल काढते. आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा टाचायचो. कातडी काय, सैलच असते, चिमट्याने उचलली की सुटते. खरी गंमत पुढे. पोटाच्या बरोबर मध्यावर आतून शीर जाते. तिला कात्री लागली की ट्रेभर रक्त, मग शोधा मूत्रपिंड! म्हणून जरा बाजूने कापायचं, कात्रीचं टोक वर धरून. हे ॲप शिकवणार?

नेरुळकर:
शिकून करायचं काय? आमच्या बॅचमधले निम्मे बँकेत चिकटले, मीही. लक्षात राहिला तो क्लोरोफॉर्मचा वास आणि छाती उघडल्यावरही धडधडणारं हृदय. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१४ साली कॉलेजांतूनही हे बंद करायला सांगितलं, उगाच नाही. बेडकांच्या पायांची निर्यात तर १९८७ मध्येच थांबवली. शेतातले बेडूक संपले तर किडे कोण खाणार?

मांसाहारी_ठाणेकर:
रविवारी कोंबडी तुकडे करून आणताना हा कळवळा कुठे जातो? बाजारातून बांगडा आणा आणि तोच कापा.

घोडबंदरवाला:
बांगड्याच्या हृदयाला कप्पे दोन आणि फुप्फुसं नाहीत. जर्नलमध्ये काय काढू, कालवण?

वाशीची_आई:
तुम्ही कापण्यावर भांडताय, आमच्याकडे लॅबच उघडत नाही. इंटिग्रेटेडवाल्यांनी, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र विकणाऱ्यांनी, लाखांत फी घेतली. पोरगा सकाळपासून क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड फक्त फॉर्म भरताना पाहिलं. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं आणि प्रॅक्टिकलला तीसपैकी अठ्ठावीस!

नेरुळकर:
मेडिकलची ‘नीट’ परीक्षा निघाली ना, मग तक्रार कसली?

वाशीची_आई:
नाही निघाली. झालं समाधान?

कळवा_लोकल:
नीटचं नका काढू. २०२४ च्या अभ्यासक्रमात ‘कीटक (बेडूक)’ असं छापलं होतं! झुरळ काढून बेडूक घातला, आधीचा शब्द तसाच. छापणाऱ्यानेही बहुतेक टॅबवरच पाहिला असावा.

मांसाहारी_ठाणेकर:
😂 पण इंटिग्रेटेडला शिव्या देऊन काय होणार? आईबापच रांग लावतात. माझा भाऊ कॉलेजात शिकवतो. खरं प्रॅक्टिकल ठेवलं की पालकच भांडायला येतात, ‘क्लास बुडतो.’

वाशीची_आई:
म्हणजे आता चूक आमची? सगळ्या वर्गाने क्लास लावला, मी एकटीने पोराला घरी बसवायचं होतं का?

घोडबंदरवाला:
विषय बेडकाचा होता. असो. नेरुळकर, तुमच्या भूतदयेपुढे हात टेकले, जिवंत बेडूक नको. पण बाटलीतला नमुना, सांगाडा, स्लाइड तरी पोरांच्या हातात द्या. बेडकाच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, हे स्वतः मोजू देत.

नेरुळकर:
एवढंच म्हणायचं होतं तर वर निबंध कशाला लिहिलात?

कळवा_लोकल:
ठाण्यात प्रॅक्टिकल खरोखर घेणारं कॉलेज कोणतं? बहिणीच्या ॲडमिशनसाठी विचारतोय.

मांसाहारी_ठाणेकर:
मेसेज करतो. इथे नाव टाकलं तर उद्या पालक तिथे भांडायला हजर.