सिडनीच्या पुलावर गाइड कशाला?
काही जण म्हणतात की ऑस्ट्रेलियातल्या सिडनी हार्बर ब्रिजच्या कमानीवर चढायला गाइड म्हणजे पैसे उकळणं, वाट तर समोर दिसतेच. नाही पटलं. मुळात कमानीवर आपलं आपण चढताच येत नाही. कंबरेचा पट्टा वाटेभर तारेला अडकवलेला असतो आणि मोबाइल, कॅमेरा खालीच ठेवावा लागतो, कारण पायाखालून भरधाव गाड्या जात असतात.

आणि गाइड नसता तर मी नुसता देखावा बघून उतरलो असतो. त्याने रिव्हेटच्या, म्हणजे पोलादाचे भाग जोडणाऱ्या जाड खिळ्यांच्या, गोल, रंगाचे थर चढलेल्या डोक्यांवरून हात फिरवायला लावला. असे सुमारे 60 लाख रिव्हेट आहेत, लालभडक तापवून ठोकलेले! दोन्ही टोकांचे दगडी मनोरे कमान पेलतात असं वाटतं ना? ते शोभेसाठी आहेत. कमानीचा भार पायथ्याच्या भल्यामोठ्या बिजागऱ्यांवर आहे. उन्हात पोलाद फुगलं की माथा 18 सेंटीमीटरपर्यंत वर जातो, तेव्हा त्या बिजागऱ्याच कामी येतात.

खर्च जड वाटत असेल तर आग्नेयेकडच्या मनोऱ्यात 200 पायऱ्या चढून जा. तिथे गाइड लागत नाही, तिकीटही बरंच स्वस्त आहे, आणि पुलाच्या बांधकामाचं प्रदर्शन वाटेतच आहे.