विषय: डिग्रीवर ‘बेन’, पासपोर्टवर नाही

बडोद्यातल्या मांजलपूरहून, सोमवार रात्री

सगळ्यांना नमस्कार. लेकीचं विमान २३ तारखेचं, टोरांटो. खरं नाव या मेलिंग लिस्टवर टाकत नाही. समजा, पासपोर्टवर नाव ‘स्मिता माधव’, आडनाव ‘जोशी’. एलसी, बोर्डाच्या मार्कशीटा, युनिव्हर्सिटीची डिग्री आणि लायसन्स, सगळीकडे ‘जोशी स्मिताबेन माधवभाई’. ईसीएच्या (कॅनडासाठी डिग्रीचं मूल्यांकन) वेळी प्रतिज्ञापत्र लावून भागलं होतं. आता एजंट म्हणतो, गॅझेट (सरकारी राजपत्रात नावबदल) केल्याशिवाय नोकरीच्या चौकशीत अडकेल. सतरा दिवसांत गॅझेट होतं का? नाहीतर आपल्या मराठी मंडळाने लेटरहेडवर ‘दोन्ही नावं एकाच मुलीची’ असं लिहून द्यावं. निझामपुऱ्यातल्या मुलाला दिलं होतं ना?

मंडळाचे कार्यवाह, मंगळवार सकाळी

ताई, निझामपुऱ्याच्या मुलाला दिलेलं पत्र नावाचं नव्हतं, गणेशोत्सवाचे हिशेब सांभाळले त्याचं होतं. कोणाचं नाव काय हे सांगायचा अधिकार मंडळाला नाही. तसं पत्र कुठल्याच काउंटरवर चालणार नाही आणि मी त्यावर सही करणार नाही. स्वयंसेवेचं पत्र मात्र जरूर घेऊन जा, कॅनडात रेझ्युमेवर असं काम लिहितात. कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं काय केलं, एवढं कळवा. ‘उत्साहाने भाग घेतला’ असं मोघम पत्र मी देत नाही. आणि लेटरहेडची विनंती लिस्टवर नको, थेट माझ्याकडे करावी.

मिसिसागाहून, मंगळवार

मावशी, गॅझेटच्या मागे आत्ता लागू नका. पासपोर्ट आणि सीओपीआर (कायमच्या वास्तव्याची, म्हणजे पीआरची, मंजुरी) या दोन्हींवर एकच नाव आहे ना? मग सिन नंबर (कॅनडात नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक), बँक, हेल्थ कार्ड, पीआर कार्ड सगळं त्याच नावाने होईल. तिथे डिग्री कोणी बघत नाही. शिवाय गॅझेट केलं म्हणून डिग्रीवरचं नाव आपोआप बदलत नाही. दोन नावं जोडायचंच काम करायचं, तर ते प्रतिज्ञापत्रही करतं.

अडतं ते ऑफर आल्यानंतर. कंपन्या कागदांची पडताळणी बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीला देतात. तिथला माणूस डिग्री डावीकडून वाचतो. त्याच्या लेखी मुलीचं नाव ‘जोशी’ आणि आडनाव ‘माधवभाई’. त्याच नावाने युनिव्हर्सिटीकडे विचारणा जाते, रेकॉर्ड सापडत नाही आणि कंपनीला कळवलं जातं, ‘पडताळणी होऊ शकली नाही’. मुलीने काहीच खोटं लिहिलेलं नसतं.

म्हणून पडताळणीच्या फॉर्मात ‘अदर नेम्स’ किंवा ‘सर्टिफिकेटवरील नाव’ असा रकाना शोधायचा आणि डिग्रीवरचं नाव जसंच्या तसं, त्याच क्रमाने भरायचं. खाली सीट नंबर, परीक्षेचा महिना आणि वर्ष. रकाना नसेल तर फॉर्म पाठवायच्या आधी एचआरला मेल. शेरा पडल्यावर खुलासा करत बसलं की जॉइनिंगची तारीख हातची जाते.

पीआरच्या अर्जात ‘आणखी कोणतं नाव वापरलं आहे का’ असा प्रश्न होता. तिने काय भरलं होतं ते आजच काढून बघा.

रेझ्युमेवर फक्त ‘स्मिता जोशी’, लिंक्डइनवरही तेच. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, पासपोर्ट नंबर, यातलं काही नको. सिन तर कधीच नाही; तो नोकरी लागल्यावर द्यायचा. दोन पानं, लेटर साइझ, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. बँक, मोबाइल आणि घराच्या करारावर मात्र पासपोर्टवरचं पूर्ण नाव, प्रत्येक ठिकाणी एकाच स्पेलिंगने. एकीकडे ‘माधव’ आणि दुसरीकडे नुसतं ‘एम’ असं झालं की इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे एकाच माणसाच्या दोन फाइली व्हायचा धोका असतो. नव्या माणसाची क्रेडिट हिस्टरी आधीच कोरी, ती तरी एका जागी साठू दे.

गोरव्याहून, मंगळवार रात्री

दोन गोष्टी. ‘बेन’ ही चूक असल्यासारखं सगळे लिहिताहेत ते मला पटत नाही. बडोद्यात मराठी घरातल्या बाईलाही शेजारीपाजारी बेनच म्हणतात, त्यात मान आहे. कारकुनाने मान कागदावर उतरवला, इतकंच. दुसरं, प्रतिज्ञापत्राला अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र) लावून घ्या. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

आणि मुलगी इलेक्ट्रिकलची आहे ना? ओंटारिओत पीईओचं (तिथली इंजिनियरांना परवाना देणारी संस्था) लायसन्स नसताना स्वतःला ‘इंजिनियर’ म्हणवता येत नाही. रेझ्युमेवर जुन्या कंपनीतलं पद होतं तसं लिहावं, पण नावाखाली मोठ्या अक्षरात ‘इलेक्ट्रिकल इंजिनियर’ नको. मे २०२३ पासून लायसन्सला कॅनडातल्या अनुभवाची अट राहिलेली नाही, तेव्हा मकरपुऱ्याच्या ट्रान्सफॉर्मर फॅक्टरीतली वर्षं वाया जाणार नाहीत.

रावपुऱ्याहून, बुधवार

काका, मान घरात आहेच, त्याबद्दल वाद नाही. कागदावर तो नावाचा भाग होऊन बसतो, अडचण तेवढीच आहे.

अपॉस्टिलबद्दल असहमत. नोटरी, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, अशी वाट आहे. सतरा दिवस त्यातच जातील आणि खाजगी कंपनीचा एचआर ते सहसा मागत नाही. त्यापेक्षा मजकूर नीट करा. एजंटाकडच्या छापील सोगंदनाम्यात (प्रतिज्ञापत्रात) नुसतं ‘दोन्ही नावं माझीच’ एवढंच असतं. त्यात पासपोर्ट नंबर हवा, प्रत्येक कागदाचं नाव, नंबर आणि वर्ष हवं, आणि त्या-त्या कागदावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर हवं. एक स्वतंत्र ओळ इंग्रजीत: पहिला शब्द आडनाव आहे, ‘बेन’ आणि ‘भाई’ हे गुजरातेत नावाला जोडले जाणारे आदरार्थी शब्द आहेत. मुलगी सज्ञान आहे, सही तिचीच. आईवडिलांची चालत नाही, म्हणून हे ती जायच्या आधीच करायचं. मूळ प्रती दोन, एक तिच्याजवळ हातातल्या बॅगेत, एक घरी.

मकरपुऱ्याच्या मॅनेजरलाही सांगून ठेवा. तिकडून फोनवर ‘स्मिता जोशी’ विचारतील आणि पगारपत्रकावर ‘जोशी एस. एम.’ असेल. टोरांटोचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. फॅक्टरीचा नंबर दिला तर कोणी उचलणार नाही. त्यांचा मोबाइल द्या, त्यांना विचारून.

स्कारबरोहून, बुधवार

ड्रायव्हिंग लायसन्सचं कोणी बोललंच नाही. तिथे बेन काढायला आत्ता आरटीओत जाऊ नका. नवं कार्ड निघालं की त्यावर नवी तारीख येते आणि जुना अनुभव दाखवणं अवघड होतं. सारथी या सरकारी पोर्टलवरून डीएल एक्स्ट्रॅक्ट (लायसन्सच्या नोंदीचा उतारा) काढा, पहिल्यांदा लायसन्स मिळालं ती तारीख त्यात आहे का ते बघा. जीजे०६ चा (बडोदा आरटीओचा) नंबर बरोबर छापलाय ना तेही.

ओंटारिओत राहायला आल्यावर आपलं लायसन्स ६० दिवस चालतं. आधी डोळ्यांची तपासणी आणि लेखी परीक्षा. दोन वर्षांहून जास्त अनुभव अधिकृत पत्राने सिद्ध झाला तर थेट जी (पूर्ण लायसन्स) ची रोड टेस्ट देता येते, नाहीतर आधीच्या टप्प्यांतून जावं लागतं. ते पत्र भारतीय कॉन्सुलेटकडून घेता येतं. तिथे पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी ठेवून बघतात, तेव्हा प्रतिज्ञापत्राची दुसरी मूळ प्रतही तिच्याकडेच राहू द्या. घरी ठेवायला तिसरी करा.

मांजलपूरहून, बुधवार रात्री

पीआरच्या अर्जाची प्रत काढली, ‘अदर नेम’मध्ये स्मिताबेन लिहिलेलं आहे. एक्स्ट्रॅक्ट काढला, तारीख बरोबर आहे, पण त्यात ‘माधवभाई’चं स्पेलिंग डिग्रीपेक्षा वेगळं, शेवटी आय नसून वाय आहे. सोगंदनाम्यात हे तिसरं स्पेलिंगही घालते. शुक्रवारी सकाळी ती स्वतः सही करेल, तीन मूळ प्रती. कार्यवाह, स्वयंसेवेच्या तारखा तुम्हाला वेगळ्या मेलने पाठवल्या आहेत.