कन्नड फोनवर हप्ता बरोबर, मराठी फोनवर ‘नॅन’. वीटवर गेल्यामुळं झालं का?

टिळकवाडी_कोडर:
मंडळी नमस्कार, तीन दिवस झाले डोकं फिरलंय म्हणून सगळं एकदमच लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या. इथं बेळगावातल्याच एका पतसोसायटीचं काम माझ्याकडं आहे. पिग्मी एजंट फोनवर पान उघडतात, सभासद शोधतात, रोजची रक्कम टाकतात, आणि शेजारी एक हप्त्याचा कॅल्क्युलेटर आहे, कर्ज किती व्याज किती महिने किती टाकलं की हप्ता दाखवतो. मागं सर्व्हरवर पीएचपी, पुढं ब्राउझरमध्ये रिॲक्ट. हे मी क्रिएट रिॲक्ट ॲप ह्या तयार साच्यानं उभं केलं होतं आणि ते तर रिॲक्टवाल्यांनीच १४ फेब्रुवारी २०२५ ला मोडीत काढलं (व्हॅलेंटाइन डेला ब्रेकअप, बरोबर मुहूर्त साधला). मी वर्षभर टाळाटाळ केली, शेवटी गेल्या शनिवार-रविवारी पाऊस होता, कुठं जायचं नव्हतं, म्हटलं करून टाकू आणि सगळं वीटवर (तेच काम करणारं नवं, वेगवान टूल) हलवलं. इंडेक्सची एचटीएमएल फाइल पब्लिकमधनं बाहेर मूळ फोल्डरात आणली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या (सेटिंगच्या) नावांच्या सुरवातीचं ‘रिॲक्ट ॲप’ काढून ‘वीट’ लावलं, बिल्डच्या जागी आता डिस्ट फोल्डर येतं म्हणून सर्व्हरवरचा पाथ बदलला. आधी सर्व्हर चालू करून चहा टाकून यायचो, आता चहाची पूड काढेपर्यंत पान समोर. खूश होतो.

सोमवारी सकाळी फोन सुरू. हप्त्याच्या जागी ‘नॅन’ येतंय, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. पण सगळ्यांना नाही हो, हाच तर वैताग आहे. मॅनेजरसाहेबांच्या फोनवर बरोबर, माझ्या लॅपटॉपवर बरोबर, माझ्या फोनवर बरोबर. सात-आठ एजंटांच्या फोनवर नॅन. नीट बघितलं तर साहेबांचा फोन कन्नडमध्ये आणि ज्यांना नॅन येतंय त्या सगळ्यांचे फोन मराठीत! आता आपल्या गावात ह्याचा अर्थ काय निघतो तुम्हाला सांगायला नको. एक एजंट मला तोंडावर म्हणाला, “कन्नडला चालतंय मराठीला न्हाई, मुद्दाम केलासा काय गा?” मी स्वतः शहापूरचा, घरात मराठी, काय बोलणार.

दुसरी तक्रार, कुऱ्हाडे आडनावाचे सभासद सर्चमध्ये सापडत नाहीत, यादीत खाली जाऊन हातानं शोधलं तर आहेत. आणि तिसरं म्हणजे साहेबांनी व्हॉट्सॲपवर रिॲक्टमध्ये सुरक्षेचं भोक सापडल्याची बातमी फॉरवर्ड केलीय आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

परत जुन्यावर जाऊ का? गिटमध्ये जुन्या कोडची ब्रँच आहे, पाच मिनिटांचं काम.

उद्यमबाग_डेव्ह:
परत जाऊ नकोस. मला वाटतंय एजंट लोकांचे फोन जुने असतील. वीटचा बिल्ड मुळातच नव्या ब्राउझरसाठी निघतो, जुन्या क्रोमला ते पचत नाही. लेगसी प्लगइन लाव, होऊन जाईल. आमच्या फाउंड्रीच्या स्टॉक रजिस्टरला मी तेच केलं, शॉपवर एक टॅब्लेट आहे, त्याचं वय कुणालाच माहीत नाही.

टिळकवाडी_कोडर:
लावून बघितलं दादा, फरक शून्य. आणि दोघांचे फोन तर माझ्यापेक्षा नवे आहेत, क्रोम अपडेटेड.

पीएचपी_अजून_जिवंत:
विठोबा एका विटेवर उभा तो उभाच, आणि तुम्ही लोक दर वर्षी वीट बदलताय. आम्हाला तर नुसतं वाचूनच वीट आला. जेक्वेरी २००६ ला आली, माझं खानापूरच्या दुकानाचं पान तिच्यावर अजून चालतंय, एक रुपयाचा खर्च नाही.

निपाणीची_लेक:
काका तुमचं पान चालू दे की, पण ह्याच्या प्रश्नाचं बघू.

उद्यमबाग दादा, जुन्या ब्राउझरला बिल्ड झेपला नसता तर अख्खं पान पांढरं पडलं असतं. इथं पान येतंय, बटणं चालतायत, फक्त आकडा बिघडतोय. म्हणजे कोड चाललाय आणि त्याच्या हातात चुकीचं काहीतरी पडतंय. टिळकवाडी, मला एकच सांगा, वीटवर नेताना तुम्ही बाकी कशाला हात लावला होता? खरं सांगा. हात लागतोच.

टिळकवाडी_कोडर:
ताई खरं सांगायचं तर थोडी साफसफाई केली. रकमेत स्वल्पविराम टाकायला माझं एक जुनं गबाळं फंक्शन होतं, लाख-हजार मोजत बसणारं. ते उडवून जावास्क्रिप्टचं तयार टू-लोकेल-स्ट्रिंग लावलं, एका ओळीत काम. रक्कम टाकता टाकता खोक्यात स्वल्पविराम दिसतात, आणि हिशोबाच्या वेळी ते काढून परत नंबर करतो. पण ते तर सगळ्यांना सारखंच आहे ना?

निपाणीची_लेक:
सापडलं. सारखं नाहीच ते.

टू-लोकेल-स्ट्रिंगच्या कंसात काही दिलं नाही की ते ब्राउझरची भाषा घेतं. तुमचा लॅपटॉप अमेरिकन इंग्रजीत असणार, जरा एक लाख टाकून बघा, स्वल्पविराम शंभरानंतर पडेल, एकानंतर नाही. कन्नड फोनवर भाषा कन्नड, पण कन्नडसाठी ठरलेले आकडे इंग्रजीच आहेत. हिंदीलाही इंग्रजीच. मराठीला मात्र देवनागरी आकडे ठरलेत. हे सीएलडीआर नावाच्या डेटामधनं येतं, प्रत्येक भाषेत तारीख कशी लिहायची, आकडा कसा लिहायचा ते सगळं तिथं असतं, आणि ब्राउझर तेच वापरतात. म्हणजे मराठी फोनवर तुमच्या खोक्यात १,००,००० असं देवनागरीत उमटलं, तुम्ही स्वल्पविराम काढले, राहिलं १०००००, दिसायला झकास, आणि जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी एक कळत नाही, शून्य पण कळत नाही. दिला नॅन. रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची भाषा) बॅकस्लॅश-डी पण तसलाच, त्याला इंग्रजी शून्य ते नऊ सोडून बाकी आकडे आकडे वाटत नाहीत.

पटत नसेल तर त्याच एजंटाचा फोन हिंदीत करून बघा, चालेल. म्हणजे राजकारण नाही म्हणून त्यांना दाखवता तरी येईल 😀

इलाज दोन. तातडीचा म्हणजे कंसात भाषा सांगून टाका, इंग्रजी-भारत द्या, लाखाचे स्वल्पविराम बरोबर पडतील आणि आकडे सगळ्यांना इंग्रजी. पण खरी चूक दुसरीकडं आहे. दाखवायची रक्कम आणि हिशोबाची रक्कम तुम्ही एकच ठेवलीय. स्टेटमध्ये (रिॲक्ट चालू माहिती ठेवतं तिथं) साधा नंबर ठेवा, नटवायचं ते फक्त दाखवताना, आणि नटवलेलं परत उलगडून हिशोबाला घ्यायचं नाही, कधीच नाही. वर एक छोटं फंक्शन ठेवा जे आलेल्या मजकुरातले देवनागरी आकडे इंग्रजी करेल, कारण कुणीतरी मराठी कीबोर्डवरनं ५०० टाकणारच आहे. देवनागरीचे दहा आकडे युनिकोडमध्ये ओळीनं बसलेत, वजाबाकी केली की झालं. कन्नड आकड्यांचंही तसंच, लगे हाथ तेही करा, म्हणजे उद्या उलटी तक्रार नको.

टिळकवाडी_कोडर:
ताई साष्टांग नमस्कार. फोन मराठीत केला आणि माझ्याच फोनवर नॅन आलं, इतका आनंद नॅन बघून कधी झाला नव्हता. दोन वर्षं टेस्टिंग करतोय पण स्वतःचा फोन एकदाही मराठीत केला नव्हता, लाज वाटण्यासारखं आहे खरं. म्हणजे वीटचा काही संबंधच नाही, मीच.

खडेबझार_डीटीपी:
मी कोडिंगवाला नाही, पत्रिका-हँडबिलं करतो, पण कुऱ्हाडेंचं मला माहीत आहे म्हणून लिहितो. सोसायटीची जुनी यादी श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचे जुने फाँट) होती काय? ती कन्व्हर्ट करून घेतली असणार. आमच्याकडं रोज हा घोळ. तो जो वरचा चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे ना, तो दोन पद्धतीनं टाइप होतो. एक म्हणजे साधा र, हलंत, आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसरी म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा ऱ आणि हलंत. कागदावर दोन्ही सेम टू सेम. पण फाइंड मारलं की एक सापडतो दुसरा नाही. ‘ॲड.’चंही बघा, वकील सभासद असतील तर. एकसंध ॲ वेगळा आणि अ-वर चंद्र ठेवलेला अॅ वेगळा. छापून आल्यावर माझ्या बापाला पण फरक कळणार नाही.

टिळकवाडी_कोडर:
होय काका, श्रीलिपीतनंच आली होती. वकील पण सापडत नाहीयत, मला वाटलं वकील आहेत म्हणून सापडत नसतील.

निपाणीची_लेक:
काकांनी अचूक सांगितलं. त्यात भर एवढीच, की इंटरनेटवर वाचून नॉर्मलाइज फंक्शन (युनिकोडची समान रूपं एक करणारं) लावून मोकळे होऊ नका. त्यानं र आणि वेगळा नुक्ता असं लिहिलेलं असेल तर जोडून एक ऱ होतो, तेवढंच. काकांनी सांगितलेल्या दोन्ही जोड्या युनिकोडच्या लेखी समान नाहीतच, त्यामुळं त्या तशाच राहतात. हातानं नियम लिहायला लागतो. र-हलंत-जोडचिन्ह दिसलं की ऱ-हलंत करा, अ-चंद्र दिसला की ॲ करा. आणि हे शोधणाऱ्याच्या मजकुरालाही लावायचं आणि डेटालाही, एकाच बाजूला लावलं तर उपयोग नाही. सभासदाचं मूळ नाव बदलू नका, पासबुकावर ते जसं आहे तसंच राहू दे, सर्चसाठी वेगळा कॉलम करा.

एक खड्डा सांगून ठेवते, मी पडले होते त्यात. न दिसणारं ते जोडचिन्ह कचरा समजून सरसकट उडवू नका. ते गेलं की र वरच्या बाजूला जाऊन रफार होऊन बसतो. दऱ्या लिहिलेलं असतं आणि होतो दर्या. डोंगरातनं डायरेक्ट समुद्रात.

उद्यमबाग_डेव्ह:
माझा अंदाज चुकला, मान्य. साहेबांच्या फॉरवर्डचं मी सांगतो, ते आमच्याकडंही आलं होतं. ते भोक खरं आहे आणि मोठं आहे, ३ डिसेंबर २०२५ ला रिॲक्टवाल्यांनी जाहीर केलं, धोक्याचा आकडा दहापैकी दहा. पण ते सर्व्हर कॉम्पोनंट्समध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या भागात) आहे, रिॲक्ट १९ च्या काही आवृत्त्यांत, आणि १९.०.१, १९.१.२, १९.२.१ मध्ये बुजवलंय. तुझं रिॲक्ट नुसतं ब्राउझरमध्ये चालतंय, मागं पीएचपी, तुला लागू नाही. साहेबांना एवढंच लिही, “आपल्याला लागत नाही, तरी अपडेट केलंय,” आणि खरंच कर.

मला काळजी वेगळीच आहे. मायग्रेट करताना लॉक फाइल (कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती ते लिहिलेली) उडवलीस काय?

टिळकवाडी_कोडर:
उडवली 😬 इन्स्टॉल करताना आवृत्त्यांची भांडणं लागली होती, वैतागून नोड मॉड्यूल्स आणि लॉक दोन्ही डिलीट.

उद्यमबाग_डेव्ह:
सगळेच तेच करतात म्हणून विचारलं. लॉक उडवली की खालची शेकडो पॅकेजं त्या दिवशीची जी नवी असतील ती येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारख्या पॅकेजमध्ये चोरट्यांनी कोड घातला होता, मेंटेनरला खोटी ईमेल पाठवून खातं काढून घेतलं. चॉक म्हणजे टर्मिनलला रंग देणारं पॅकेज, तू ते कधी हातानं टाकलं नसशील पण कुणाच्या तरी शेपटाला लागून येतंच. काही तासांत काढून टाकलं गेलं, पण त्या तासांत कुणीतरी लॉक उडवून इन्स्टॉल मारलंच असणार की. आता जी नवी लॉक बनलीय ती गिटमध्ये टाक, एकदा ऑडिट मार (धोक्याची पॅकेजं तपासायला), आणि सर्व्हरवर इन्स्टॉलच्या जागी एनपीएम सीआय वापर, ते लॉकमध्ये लिहिलंय तेवढंच आणतं, स्वतःची अक्कल चालवत नाही.

पीएचपी_अजून_जिवंत:
आमच्या जेक्वेरीची एकच फाइल. गप बसतो.

टिळकवाडी_कोडर:
अपडेट देतो. हप्ता सगळ्या फोनवर बरोबर आला, मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी चारही करून बघितले. त्या एजंटाला बोलावून त्याच्याच फोनवर हिंदी करून दाखवलं, मग मराठी करून दाखवलं, तो म्हणाला “मग आधी का केला न्हाईसा”, म्हणजे श्रेय काही मिळालं नाही. लॉक गिटमध्ये गेली. सर्चचा कॉलम आज रात्री करतो, आत्ता लाईट गेलीय आणि लॅपटॉपला वीस टक्के आहेत. निपाणीच्या ताईंना बेळगावात आल्यावर कुंदा माझ्याकडनं.

खडेबझार_डीटीपी:
कुंदा मला पण चालतो. आणि जाता जाता, तुमच्या पानावर ल आणि श हिंदीसारखे का दिसतात हो? आपला ल असा नसतो. सोसायटीचं बोर्ड मीच केलंय, त्यात बरोबर आहे.

निपाणीची_लेक:
पानाच्या सुरवातीला भाषा इंग्रजी किंवा हिंदी लिहिली असेल. मराठी भागाला मराठी सांगा, नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठीचे ल-श वेगळे ठेवलेले आहेत, भाषा कळली की ते आपोआप येतात.

टिळकवाडी_कोडर:
बघितलं. इंग्रजीच लिहिलंय. दोन वर्षांपासून.