मदत हवी आहे: लसिकाग्रंथीतली पहिली लाट आणि दुसरी लाट यांचा मेळ लागत नाहीये

नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकतेय आणि एका मुद्द्यावर तीन दिवस अडकलेय.

मूळ गोष्ट समजली आहे. त्वचेतली डेंड्रायटिक पेशी (जंतूंचे तुकडे गोळा करून इतर पेशींना दाखवणारी) टोल-लाइक रिसेप्टरने, म्हणजे जंतूच्या खुणा ओळखणाऱ्या प्रथिनाने, जंतू ओळखते, तिच्यावर सीसीआर७ हा ग्रंथीची वाट दाखवणारा रिसेप्टर येतो, मग ती लसिकावाहिनीतून लसिकाग्रंथीत येऊन टी पेशीला (प्रतिकार करणारी पांढरी पेशी) प्रतिजन, म्हणजे जंतूचा ओळखता येणारा तुकडा, दाखवते. सोबत पृष्ठभागावरच्या सीडी८०, सीडी८६ या रेणूंचा सहसंकेत (प्रतिजनाबरोबर लागणारा दुसरा इशारा) आणि आयएल-१२सारखी सायटोकाइन्स (पेशींमधले संदेशरेणू) हीही देते. सहसंकेत नसला तर टी पेशी थंड पडते. नुसतं परकं प्रथिन पुरत नाही, जंतूची खूण लागते, हे चार्ल्स जेनवे यांनी १९८९मध्येच मांडलं होतं. लसीत ॲडज्युव्हंट (प्रतिकारयंत्रणेला चेतवणारा घटक) का लागतं, ते मला तेव्हा कुठे उमगलं.

घोळ वेळेचा आहे. वहीत आडवी रेघ मारून तास मांडले. विरघळलेलं प्रतिजन लसिकेबरोबर काही मिनिटांत ग्रंथीत पोचतं, त्वचेतल्या पेशींना मात्र १२ ते २४ तास लागतात. मधल्या वेळात ग्रंथीतच राहणाऱ्या डेंड्रायटिक पेशी ते प्रतिजन टी पेशींना दाखवून मोकळ्या होतात! ही पहिली लाट, आणि त्वचेतल्या पेशी येऊन दाखवतात ती दुसरी. त्यांना जंतूची खूण मिळालीच नसेल, फक्त आसपासची दाहक सायटोकाइन्स मिळाली असतील, तर टी पेशींची संख्या वाढते, पण त्या धड मदतनीस होत नाहीत, असं वाचलं. मग या अर्धवट जाग्या झालेल्या पेशी दुसऱ्या लाटेची वाट बघत थांबतात का?

एरवी नवखी (प्रतिजन अजून न भेटलेली) टी पेशी एका ग्रंथीत साधारण १२ ते २४ तास हिंडते आणि निघून जाते. संसर्गात टाइप १ इंटरफेरॉन या संदेशरेणूमुळे तिच्यावर सीडी६९ हे प्रथिन येतं, ते ग्रंथीबाहेर पडायला लागणाऱ्या एस१पीआर१ या रिसेप्टरला आत ओढतं आणि बाहेरची वाट बंद होते. दंडावर लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या काखेत वाटाण्याएवढी दुखरी गाठ बोटाला लागली होती. ही कोंडी त्यामागचं एक कारण असावी असं मला वाटतं.

पण प्रतिजन भेटलेल्या टी पेशीवर सीडी६९ तसंही येतंच ना? मग इंटरफेरॉनची ही कोंडी कोणासाठी, प्रतिजन अजून न भेटलेल्या पेशींना थोपवून धरायला की पहिल्या लाटेतल्यांना दुसरीपर्यंत रोखायला? ज्यांनी यावर काम केलंय किंवा हा विषय शिकवलाय, त्यांनी कृपया सांगा. वहीतली रेघ चुकीची असेल तर तेही सांगा, पुन्हा मांडेन.